तिथीची पाऊणपट

मितेशला बाबांनी जमीन दिली आणि मला गणित. हक्कसोडावर सही करून नवीन पनवेलला घरी परतताना मी हेच रिक्षात पुटपुटत होते. बाबा जन्मभर मिठागरात राबले. भरतीची वेळ काढायची त्यांची रीत सोपी होती. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरलं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. धाकटा भाऊ मितेश इंग्रजी शाळेत जायचा, म्हणून बांधावर त्यांच्याबरोबर मीच असायचे. आता चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला भरती-ओहोटीचा काय उपयोग, तुम्हीच सांगा.

भादव्यातल्या संकष्टीला मी माहेरी होते. दोन दिवस कोसळून पाऊस नुकताच थांबला होता. दोनच्या सुमाराला माझी भावजय कादंबरी पुढचं ताट सरकवून म्हणाली, "ताई, कळा येतायत." तिचं मागचं बाळंतपण सिझरचं. या वेळी डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की कळा सुरू झाल्या की दोन तासांच्या आत दवाखान्यात पाहिजे, नाहीतर जुना टाका धोक्याचा.

दवाखाना पनवेलात, वीस मिनिटांवर. पण मध्ये रेल्वेखालचा अंडरपास. भोवतीच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, भराव पडल्यापासून मोठ्या भरतीला खाडीचं पाणी नाल्यातून उलटं येऊन तिथे साठतं. आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजले होते आणि पाणी कमरेच्या वर होतं. मधोमध कुणाची तरी पांढरी गाडी अडकली होती, तिचं फक्त टप दिसत होतं. कादंबरीला उचलून न्यावं तर खाली कुठलं झाकण उघडं असेल याचा नेम नाही.

"जासईवरून फिरून जाऊ," मितेश म्हणाला.

"तिकडं ट्रेलरची लाईन लागली हाय," टपरीवरचा गणू ओरडला. "दोन तास कुठंच गेले नाय."

मी बोटांवर हिशेब केला. संकष्टी म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनपर्यंत पाणी चढतच राहणार, आणि गाडी जाण्याइतकं उतरायला सव्वाचार. "थांबून फायदा नाय," मी म्हटलं. "फिरवच गाडी."

मितेशने गाडी मागे घेतली. मागच्या सीटवर कादंबरीने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उपास सोडायचा म्हणून सकाळी मी दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ शोधत होते. तिथेच बारीक अक्षरात लिहिलं होतं, तृतीया समाप्ती दुपारी चार पन्नास. संकष्टी चंद्र उगवताना चतुर्थी असेल त्या दिवशी धरतात. दुपारी अजून तृतीयाच चालू होती! लहानपणी हीच चूक केली तेव्हा बाबांनी टपली मारली होती. "उपास चांद बघून सोडतान. पानी कवाचं बघतंस तू?"

तीन पाऊण सव्वादोन. पाणी भरून पंधरा मिनिटं होऊन गेली होती.

"थांब! वळवू नको," मी ओरडले.

"आताच तू बोललीस फिरव म्हनून!"

"चुकले. पानी उतराया लागलंय. साडेतीनला गाडी जाईल."

"आनि नाय गेली तर?" त्याचा आवाज फाटला. "कादंबरीला काय झालं तर, ताई?"

मी उतरले आणि पाण्याच्या कडेला काडी रोवली. ही पण बाबांचीच शिकवण. पाणी काडीपासून वीतभर मागे सरलं आणि पुन्हा येऊन काडीला लागलं. पहिल्या तासात पाणी असंच लबाडी करतं, पळतं ते दुसऱ्या-तिसऱ्या तासात. म्हणजे काडी सुद्धा काही सांगेना. घडीभर वाटलं, जाऊ दे त्याला जासईला, निदान दोष तरी माझ्यावर येणार नाही. असा विचार आला याची मला लाज वाटते.

"साडेतीन," मी म्हटलं. "इंजिन बंद कर."

माझ्याकडे न बघता त्याने किल्ली फिरवली. कादंबरी कळ आली की ओठ चावायची आणि कळ ओसरली की विचारायची, "उतरलं काय, ताई?" मी दर वेळी हो म्हणायचे. तीन वाजता पाणी होतं तिथेच दिसत होतं. मी बाबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तीन दहाला पांढऱ्या गाडीच्या काचा दिसल्या. तीन वीसला दरवाज्याची मूठ. मग मात्र नाल्याकडे पाणी आवाज करत धावलं. साडेतीनला दोन मिनिटं कमी असताना मितेशने देवाचं नाव घेऊन गाडी घातली. दाराच्या खालून पाणी आत आलं, आमचे पाय भिजले, आणि आम्ही पलीकडे चढलो.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "टाका सुटायला लागला होता. अजून अर्ध्या तासाने आला असतात तर मी दोघींचं काही सांगू शकले नसते."

मितेश बाकावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग नाक पुसत त्याने विचारलं, "ताई, तुला पक्कं म्हाईत होतं ना?"

"होतं," मी म्हटलं.

साफ खोटं. मिठागरात बाबा बांधावर उभे राहून वीस माणसांना सांगायचे, अजून पाव तास, मगच बांधाची दारं उघडा. चुकले असते तर सगळ्यांचा हंगाम वाहून गेला असता. त्या पाव तासात त्यांचा हात माझ्या खांद्यावर असायचा, चांगला जड. मला वाटायचं, माया करतायत. आज कळलं, ते मला धरून उभे असायचे.