राणीच्या पंजाला चमचाभर सिरका

राणी आंद्रेगोतो निर्दोष ठरली. भर दिवसा, अख्ख्या गावासमोर. हे घडलंच नाही असं समजून पुढचं वाचावं. आमच्या डोंगरी राज्यात सगळे तसंच समजतात.

तर राजा गालिंदो वाम माशाची तिसरी थाळी हाणताना घशात काटा अडकून मेला. पंगतीला अकरा जण होते. संध्याकाळपर्यंत राणीने विष घातलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती घुबड होऊन खिडकीतून आली होती, आणि अकराच्या अकरा जणांनी घुबड ओळखलं होतं.

बिशप फोर्तुन यांनी निवाडा मयतावरच सोपवला. खुनी शिवला की मयताला रक्त फुटतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. देवळापुढे ही गर्दी! सरदारांनी पिवळ्या कफनावर हात टेकले. काही नाही. मग राणी आली. विधवेने चुलीची ओली राख तळहातांना फासून नवऱ्याला निरोप द्यायचा, अशी रीत. तिने हात टेकला, उचलला. कफनावर लालभडक पंजा!

"रक्त बोललं!" बिशप गरजले. "मेलेला माणूस खोटं बोलत नाही. त्याला त्यात काय मिळणार?"

राणी आपलाच तळहात उलटसुलट बघत होती. "ओरिया, बघ गं, मला कुठं कापलंय का?"

ओरिया रंगारणीने तो पंजा निरखून पाहिला. कफन तिनेच रंगवलेलं. राजाचं कफन केशरात रंगवतात. बिशपांनी या वेळी हळद पाठवली होती. हळदीला राखेचं पाणी लागलं की लाल होते, हे त्यांना शिकवलं कुणी? तिनेच. गेल्या वर्षी, त्यांच्या रुमालावरचा रश्श्याचा डाग धुताना, हसत हसत.

ती पुढे घुसली. राखेत हात बुडवून कफनावर दाबला. लाल.

"मीही खुनी का?"

"तूच कफन रंगवलंस ना?" बेलास्को चांभार ओरडला. "मग कटात असणारच की, मावशे!"

ओरियाने बिशपांचा हात आपल्या राखाडलेल्या हातात पकडला आणि कफनावर दाबला. लाल. मग तिने कमरेची बाटली काढून बिशपांच्या डागावर सिरका ओतला. डाग पुन्हा पिवळा.

"हळद आहे रे, हळद! रक्त असं पिवळं होतं का कधी?"

क्षणभर सगळ्यांना पटलं. राणी निर्दोष ठरली ती तेवढीच.

मग बेलास्कोने गुडघे टेकले. "महाराजांनी पाप अंगावर घेतलं! आणि क्रुसावर प्रभूच्या ओठांना काय लावलं होतं? सिरकाच! राजाने माफ केलं!"

"माफ केलं ना? मग सोडा तिला!"

"अगं, गुन्हाच नसता तर माफी कशाची?" बिशप मायेने म्हणाले.

राणीला मठाच्या खोलीत चिणलं. भाकरीपुरती फट ठेवली. ओरिया जाते तेव्हा फटीतून हात बाहेर येतो. "आता तरी बघ गं नीट."

ओरियाचा सातवा अर्ज:

'बिशप महाराजांच्या सेवेशी. कफनावर राणीसरकारांचा पंजा अजून आहे. त्यावर सर्वांसमोर चमचाभर सिरका टाकण्याची परवानगी मिळावी. त्याआधी प्रत्येकाने राखेचा हात त्याच कापडाला लावून पाहावा; माझ्यावर विश्वास ठेवू नये, डोळ्यांवर ठेवावा. सगळेच लाल निघाल्यास गावाला फाशी द्यावी, किंवा भिंत पाडावी. दोन्हींपैकी जे सोयीचं असेल ते. सिरका मी आणीन.'