शंभरावर कोणी विचारलं नाही

मित्रांनो, पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या सिलिंडरला नळीने जोडलेला मी एक जुना काटा आहे. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली, ते दाखवणं एवढंच माझं काम. सिलिंडर भरलेला असला की मी दोनशेवर असतो. पन्नासच्या खाली माझी तबकडी लाल आहे. मला तोंड नाही. कोणी पाहिलं, तरच माझं म्हणणं कळतं.

कारखान्यातून मी म्युनिकजवळच्या तळ्याकाठी, एका डायव्हिंग शाळेत आलो. तिथे हेल्गा नावाची गाईड होती. किती खोल जायचं, कुठून वळायचं, चुकामूक झाली तर काय करायचं, हे ती पार्किंगमध्येच सांगे. पाण्यात सारखी मागे वळून प्रत्येकाला किती हवा उरली ते खुणेने विचारी. कोणाचाही काटा शंभरावर आला की सगळ्यांना परत फिरवी. "हा काटा खोटं बोलत नाही," असं म्हणत ती मला पुसून ठेवी. फार सुखाचे दिवस होते ते.

२००६ साली हेल्गा निवृत्त झाली आणि तिच्या जागी योखेन आला. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी वल्लरीने मला भाड्याने घेतलं. ती म्युनिकशेजारच्या गार्चिंग गावात पीएचडी करत होती. सोबत तिच्याच इन्स्टिट्यूटमधला मयुरेश होता.

योखेन म्हणाला, "आल्झो, चला तर मग, माझ्या मागे या. बस्स."

वल्लरी मराठीत पुटपुटली, "अरे, परत कधी फिरायचं ते सांगितलंच नाही यांनी."

"मग विचार ना!"

"नको. बावळट वाटेन मी."

तळ्याचं पाणी बर्फासारखं गार होतं. खोल गेल्यावर हिरवा अंधार दाटला. वल्लरी घाबरून भराभर श्वास घेऊ लागली. मी शंभरावर आलो, मग ऐंशीवर. योखेन पुढेच चालला होता, त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. वल्लरीने टॉर्च हलवला, पण तोवर त्याच्या पायातले फिन्स दिसेनासे झाले होते. मी साठ दाखवलं, चाळीस दाखवलं. मित्रांनो, याहून जास्त मी काय करणार होतो?

तिने मला मयुरेशसमोर धरलं. त्याने आपल्या सिलिंडरची श्वास घ्यायची जादा नळी तिच्या तोंडात दिली, तिचा पट्टा घट्ट पकडला आणि दोघं वर निघाली. घाबरलेली वल्लरी जोरजोरात पाय मारत होती, त्यामुळे ती नको तितक्या वेगाने वर आली.

दहा मिनिटांनी योखेन वर आला. "कुठे होतात तुम्ही?"

वल्लरी काठावर बसून रडत होती. ती म्हणाली, "हे खाली विचारायचं होतं."

इतक्या वेगाने वर आल्यामुळे तिच्या डाव्या कानाला इजा झाली; त्या कानाने तिला आता नीट ऐकू येत नाही. ती पुन्हा पाण्यात उतरली नाही, असं मयुरेशने शाळेत येऊन सांगितलं. शाळेने मला तपासलं. माझ्यात काहीच दोष निघाला नाही.

मित्रांनो, उतरण्याआधी गाईडला विचारा: किती खोल, किती वेळ, किती हवेवर परत? उत्तर मिळालं नाही, तर काठावरच थांबा. त्यात कसली आली लाज?

आज पुन्हा शनिवार आहे. योखेनने मला एका नवख्या माणसाच्या जॅकेटला अडकवलंय. तो माणूस त्याला काहीच विचारत नाहीये.