दादांची शेड

धाकटीला माणसाची पारख करायला फार वेळ लागत नसे. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शेजारच्या सीटवर बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि समोरचा शहाणा कुठं धडकणार आहे ते त्याच्याआधी ओळखायचं, हा तिचा रोजचा धंदा. त्यामुळं घरी आल्यावरही तिचा एक पाय ब्रेकवरच असायचा. नवऱ्याबद्दलचं तिचं मत लग्नानंतर लगेच पक्कं झालं होतं: स्वभावानं गरीब गाय, आणि तीही दुसऱ्याच्या दाव्याला बांधलेली. ते दावं ज्याच्या हातात होतं तो थोरला दीर. त्याच्याबद्दलचं मत तर लग्नाच्याही आधीचं होतं.

या थोरल्या दिराला सगळे दादा म्हणत. दादा एका मोठ्या कंपनीत मोठे साहेब होते. खोलीत शिरले की आधी पंख्याचा वेग बदलायचे, मग बोलायला सुरुवात करायचे. दुसऱ्याच्या घरातला पंखासुद्धा. नवरा त्यांच्यापुढं एकच वाक्य बोलायचा, "बरोबर आहे दादा." धाकटीला वाटे, याच्या तोंडात कुणीतरी शिक्का बसवून दिलाय, भाऊ दिसला की आपोआप उमटतो.

मग कंपनीनं दादांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि त्यांना घरी पाठवलं. थोड्याच दिवसांत मोठ्या जाऊबाईंचा फोन आला.

"काही दिवस तुमच्याकडं राहू दे गं त्यांना. इथं नुसते भिंतीकडं बघत बसतात. मला नाही बघवत."

"पाठवा की," धाकटी म्हणाली. भिंती आपल्याकडंही आहेत, हे तिनं मनातच ठेवलं.

दादा आले आणि पाहुण्यांच्या खोलीत आडवे झाले. जेवायला उठायचे, पुन्हा आडवे व्हायचे. पंख्याला हात लावेनात. नवरा पायांचा आवाज न करता घरात फिरू लागला. दारावर टकटक करताना त्याचा चेहरा असा व्हायचा की जणू आत कुणी शेवटचे श्वास मोजतंय. "दादा, चहा?" "दादा, खिडकी उघडू?" धाकटीला दोघांचीही चीड यायची. नोकरी गेली, हातपाय तर गेले नाहीत ना!

अशाच एका सकाळी दादा दात घासत बाहेर आले, तेव्हा धाकटी गाडीच्या काचेवरची पाखरांची घाण खरवडत होती. शेजारच्या झाडाची एक मोठी फांदी बरोबर गाडीवर यायची. वरून पाखरं, झाडाचा चीक, आणि दुपारी ऊन असं की स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसावा. दादा ब्रश तोंडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग चूळ भरून म्हणाले, "इथं शेड हवी. लाकडाची. मी बांधतो."

"तयार मिळते भाऊजी. माणसं येतात आणि दिवसभरात बसवून जातात."

"तयार!" दादांनी ब्रश झटकला. "अगं, लाकडात जीव असतो. चार खांब, दोन तुळया, वर वासे आणि पत्रे. त्यात आहे काय एवढं?"

ज्या माणसानं आयुष्यभर पेन्सिलीला टोकसुद्धा शिपायाकडून काढून घेतलं, तो आता तुळया चढवणार होता. धाकटीनं नवऱ्याकडं पाहिलं. शिक्का उमटला.

"बरोबर आहे दादा."

पुढचे दिवस म्हणजे नुसता तमाशा. दादा वखारीत गेले आणि वखारवाल्यालाच लाकूड कसं ओळखावं ते शिकवून आले. नवी करवत आणली, काटकोन बघायचा गुण्या आणला, खांब सरळ उभा आहे का ते बघायचा ओळंबा आणला, आणि कमरेला बांधायचा एक चामडी पट्टा आणला. त्या पट्ट्यात हातोडी अडकवून ते अंगणात उभे राहिले की धाकटीला लढाईला निघालेला आणि वाटेत घोडा विसरलेला सरदार आठवायचा. पहिला खड्डा खणला तो तिरका गेला. दादा म्हणाले, "जमिनीलाच उतार आहे." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण धाकटीनं लहानपणापासून ऐकली होती, ती कुणी इतकी शब्दशः करून दाखवेल असं तिला वाटलं नव्हतं.

नवरा सुट्टी टाकून मदतीला थांबला. मदत म्हणजे काय, तर दादा "धर" म्हणाले की धरायचं आणि "सोड" म्हणाले की सोडायचं. एकदा दादांनी "सोड" म्हणायच्या आधीच त्यानं खांब सोडला. तो दोरीवरच्या धुण्यावर पडला आणि धाकटीच्या पांढऱ्या चादरीवर चिखलाचा पट्टा उठला.

"चूक माझीच," नवरा म्हणाला.

"तुझीच आहे," दादा म्हणाले.

समोरच्या काकू रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. "काय गं, काय बांधताय? मचाण का?"

"अजून ठरायचंय काकू," धाकटी म्हणायची. "पडल्यावर कळेल."

एक दिवस ती कामावरून आली तेव्हा चारही खांब काँक्रीटमध्ये उभे होते. गाडी फाटकात थांबवून तिनं काचेतून एकदाच पाहिलं. कामाच्या सवयीनं तिच्या डोळ्यांनी आपोआप माप घेतलं. गाडी आत जाईल. दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहील, तीही नाही. दार कुठं उघडणार?

दादा पट्टा सावरत जवळ आले. "कसे वाटतात?"

"खांबच आहेत," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. ज्यानं मापाचं विचारलं नाही त्याला ते सांगायचं कशाला? शिकाऊ माणसाला ती दहा वेळा सांगायची. पण ज्याला सगळं येतं त्याला धडकू द्यावं, असं तिचं तत्त्व होतं.

तुळया चढल्या. वासे बसले. पत्रे ठोकले गेले आणि त्या आवाजानं गल्लीतली कुत्री दिवसभर भुंकत राहिली. एक गोष्ट मात्र धाकटीच्या नजरेतून सुटली नाही. दादा आता तिच्याआधी उठत होते. वाशाला पॉलिशपेपर मारताना गुणगुणायचे, तेही बेसूर. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. एकदा तर त्यांनी जेवणाच्या खोलीतला पंखासुद्धा कमी केला.

शेवटी रविवारी दुपारी दादा म्हणाले, "आण गाडी!" समोरच्या काकू कुंपणाशी होत्याच. नवरा हात पुसत उभा होता. धाकटी गाडीत बसली. तिला तेव्हाही सांगता आलं असतं. पण एखाद्या माणसाचं तोंड पडलेलं बघण्याची संधी रोज येत नाही. तिनं एका दमात, आरसेही न मिटता, गाडी सरळ आत घातली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. धाकटीनं इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. दार चार बोटं उघडलं आणि खांबाला लागलं. टक्.

तिनं काच खाली केली. "भाऊजी, गाडी आली. आता उतरायचं कसं तेवढं सांगा."

दादांनी एकदा खांबाकडं, एकदा दाराकडं पाहिलं. मग ते पलीकडच्या बाजूला गेले आणि तिकडचं दार ओढून पाहिलं. टक्. त्यांचा हात पट्ट्यातल्या हातोडीवर गेला आणि तिथंच थांबला.

"डिकीतून ये गं बाहेर!" काकूंनी सल्ला दिला.

"माप माझं चुकलं," नवरा घाईघाईनं म्हणाला. "टेप मी धरला होता. दादा, तुम्ही बरोबरच सांगितलं होतं, मीच..."

धाकटीनं गाडी मागं घेतली, बाहेर लावली आणि स्वयंपाकघरात गेली. नवरा मागोमाग आला.

"तू खोटं बोललास," ती म्हणाली. "माप त्यांनी घेतलं. दारं मिटलेली ठेवून. मी इथल्या खिडकीतून बघत होते."

"माहितेय मला."

"काय माहितेय?"

"जागा कमी पडणार ते." नवऱ्यानं नळ सोडला आणि स्वच्छ हात पुन्हा धुतले. "खड्डे खणतानाच कळलं होतं."

"आणि बोलला नाहीस?"

"दादा उठले होते गं. इतक्या दिवसांनी अंथरुणातून उठले होते. खांब काय, पुन्हा काढता येतात."

तिला वाटलं होतं, हा नुसता भित्रा आहे. आता कळलं की हा दयाळूही आहे, आणि तिला ते अधिकच असह्य झालं. "मग एवढे दिवस तू शेड बांधत नव्हतास," ती म्हणाली, "पेशंटला खेळणं देऊन बसवत होतास. स्वतःच्या थोरल्या भावाला! तुझ्यापेक्षा मी बरी. मी निदान मनातल्या मनात हसते तरी."

नवऱ्यानं नळ बंद केला नाही. तिनं केला आणि तडक अंगणात गेली.

दादा उरलेल्या लाकडांच्या ढिगावर बसले होते. पट्टा सोडून शेजारी ठेवला होता. तोंड पुन्हा भिंतीकडं होतं.

"भाऊजी, माप तुमचं चुकलं. त्याचं नाही."

दादांनी मान वळवली नाही.

"गाडीत माणूस बसतो आणि माणसाला उतरावं लागतं. हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्यासाठी आयुष्यभर दुसऱ्यानं दार उघडलं. तुम्हाला वाटलं, दारं आपोआप उघडतात."

मग त्यांच्या खांद्यांची हालचाल झाली. रडताहेत की काय, असं वाटून ती क्षणभर चरकली. पण दादा हसत होते. आवाज न करता, पोट धरून.

"टक्!" ते म्हणाले. "कसं वाजलं! आणि ती बाई म्हणते डिकीतून ये..." त्यांनी डोळे पुसले. "तुला कधी कळलं?"

"खांब उभे राहिले त्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"त्यालाही ठाऊक होतं ना?" दादांनी स्वयंपाकघराकडं मान उडवली. "म्हणजे एक जण मला जपतोय म्हणून गप्प आणि एक जण कीव करायलाही तयार नाही म्हणून गप्प. आणि मध्ये मी, ओळंबा धरून." त्यांनी एक ढलपी उचलली आणि तिचे बारीक तुकडे करत बसले. "ऑफिसातही शेवटी शेवटी असंच होतं. मी काहीही बोललो की सगळे 'हो साहेब'. मला वाटायचं, काय दरारा आहे आपला! आता तिकडं घरी बायको कुजबुजते, इथं हा कुजबुजतो. माणूस मेल्यावर करतात तसं. मी आल्यापासून तू एकदाही हळू बोलली नाहीस."

"मला जमत नाही."

"नको जमवूस." त्यांनी तुकडे फेकून दिले. "सांग. काय करू?"

असा प्रश्न दादांनी आजवर कुणाला विचारला असेल असं तिला वाटलं नाही. तिला त्यांची दया आली नाही. फक्त पुढचं वाक्य ती ओरडून बोलणार होती, ते साध्या आवाजात बोलली.

"गाडी उभी करते. दोन्ही दारं उघडते, सताड. मग माप घ्या. घराच्या भिंतीकडचे खांब राहू देत. अलीकडचे दोन्ही काढावे लागतील. पुढची आणि मागची तुळई आता पुरणार नाही, लांब आणा. आणि वखारवाल्याला शिकवत बसू नका."

"पत्रे?"

"पत्रेही काढा. तुमचीच करणी आहे."

पुढच्या रविवारी तिघं मिळून कामाला लागले. काँक्रीट फोडताना दादांच्या तळहाताला फोड आले आणि त्यांनी ते धाकटीला दाखवले. ती म्हणाली, "अरेरे, साहेबांचे हात!" आणि पहार पुन्हा त्यांच्याकडं दिली. भांडणं तर क्षणाक्षणाला. दादा म्हणत गुण्या आधी, ती म्हणे टेप आधी. नवऱ्याची पंचाईत अशी झाली की 'बरोबर आहे' कुणाला म्हणायचं तेच त्याला कळेना. तो दोघांच्या मधल्या हवेला म्हणू लागला.

नवा खांब खड्ड्यात उतरला. दादा एका बाजूनं, नवरा दुसऱ्या बाजूनं धरून होते. धाकटी काँक्रीट कालवत होती.

"सरळ आहे ना रे?" दादांनी विचारलं. "ओतू दे का तिला?"

नवऱ्यानं ओळंब्याकडं पाहिलं. तो इतका वेळ पाहत राहिला की धाकटीचं फावडं थांबलं.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"सरळ नाहीय, दादा." त्यानं ओळंब्याच्या दोरीकडं बोट केलं. "वाकडा आहे. बोटभर. डावीकडं."

दादांनी खांबाला मिठी मारल्यासारखं धरून वाकून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी चढली, ती जुनी, साहेबी आठी. पण नवऱ्यानं मान खाली घातली नाही.

"बोटभर कुठं?" धाकटी म्हणाली. "चांगली दोन बोटं आहे. डोळे आहेत का बटणं?"

"मग सरकव की दोन बोटं," दादा भावावर ओरडले, "बघत काय राहिलास!"

शेड उभी राहिली. एक तुळई किंचित लहान पडली म्हणून तिला तुकडा जोडला आहे आणि तो जोड रस्त्यावरूनही दिसतो. काकूंनी छान झाली म्हणून सांगितलं. धाकटीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, कुत्र्याची छत्रीसुद्धा यापेक्षा डौलदार उगवते. दादांनी तो शेरा मोठ्या जाऊबाईंना फोनवर जसाच्या तसा ऐकवला, आणि त्याच आठवड्यात बॅग भरून ते आपल्या घरी गेले. स्टेशनवर सोडायला नवरा गेला. धाकटीला शिकवणी होती.

दुपारी ती परतली. गाडी आत घेतली, दार सताड उघडलं आणि उतरली. स्टिअरिंग थंड होतं. वर पत्र्यावर पाखरं टकटक चालत होती. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग नवरा फाटकातून येताना दिसला, तशी ती त्याला म्हणाली, "तो उरलेला लाकडांचा ढीग कधी उचलणार आहेस? का त्यालाही शेड बांधायची?"