थोरलीच्या कुदळीआधी

आढ्याला खोचलेली कुदळ. पात्याला माती नाही.

दूर परदेशात एका चर्चच्या तळघरात म्हाताऱ्या बायका जुने कोट विकतात. कोट खपले की आमच्याकडे बियाणं येतं.

सरोवराकाठी, उयोमात, एक कोळी मेला. जाळं ओढता ओढता खाली बसला, तो उठलाच नाही.

पत्र्याची पाटी: 'प्रात्यक्षिक शेत'. रंग इतका ओला, की तिच्यावर बसलेल्या पाखराचे पाय निळे झाले.

"हसा," कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही सगळे हसलो.

हे सगळं एकाच घराचं आहे. आमच्या शेजारच्या ओगुतूचं; वडीलधारा म्हणून आम्ही त्याला म्झे म्हणतो. त्याच्या दोन बायका. फाटकासमोरचं घर थोरलीचं, बाजूचं धाकटीचं. मेला तो थोरलीचा भाऊ.

पेरणी थोरलीनं सुरू करायची असते. आदल्या रात्री नवरा तिच्याकडे मुक्कामाला, सकाळी तिची कुदळ आधी जमिनीत. मग धाकटीची. मग मुलांची, सुनांची. क्रम मोडला तर चिरा नावाचा दोष लागतो. माणूस आतून झिजत जातो, औषधाला दाद देत नाही. कुणी हे मानतं, कुणी मानत नाही. मोडत मात्र कुणी नाही.

अपोंडी ही बियाणं वाटणाऱ्या संस्थेची बाई. संस्था म्हणजे अपोंडी, तिची मोटरसायकल आणि बाजारातली एक खोली. ती आमच्यातलीच, टेकडीपलीकडची. हा क्रम तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

नव्या मक्याचं बियाणं आलं होतं. दाखवण्यासाठी धाकटीचा तुकडा निवडला, कारण तो रस्त्याला लागून. कोट विकणाऱ्या बायका स्वतः पेरणी बघायला येणार होत्या. आणि थोरली भावाच्या मयताला गेलेली.

"थोरली येऊ दे," धाकटी म्हणाली.

"मढं अजून शवागारात आहे. दफन उरकून ती येईस्तोवर पाहुण्या परतीच्या विमानात बसलेल्या असतील."

"मग त्यांना चहा पाज. मी मका-घेवडा शिजवते. खातील, जातील."

"चहा त्यांच्याकडेही असतो गं. त्या पेरणी बघायला येतायत."

"आणि मला काही झालं तर?"

"अगं, ही पेरणी नाहीच. बियाणं संस्थेचं, पाटी संस्थेची. हे नुसतं दाखवणं."

दोघींनी म्झेकडे बघितलं. तो झाडाखाली तपकीर ओढत बसला होता. "दाखवणं असेल तर दाखवा," तो नाक पुसत म्हणाला. त्याला पाहुण्यांबरोबर फोटो काढून हवा होता.

(फोटोत: म्झे मधोमध. धाकटी, हातात कुदळ. पाहुण्या गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेल्या, खूश. अपोंडी कडेला. तिचे डोळे मिटलेले आले आहेत.)

त्याच आठवड्यात पाऊस पडला. दाखवणं उगवलं.

थोरली परतली ती रस्त्यावर उतरली आणि तिथेच थांबली. कोंबांच्या ओळी टोकापर्यंत बघितल्या. मग घरात गेली आणि कुदळ आढ्याला खोचली.

भांडण नाही, शिवी नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं धाकटी विहिरीवर म्हणाली.

मुलं आईच्या आधी पेरू शकत नाहीत. सुना दारात येऊन उभ्या राहिल्या. "आई, पाऊस चाललाय. पेर ना."

"पेरलंय की," थोरली म्हणाली. "रस्त्यावर एवढी पाटी आहे. शाळा शिकलात आणि वाचता येत नाही?"

अपोंडीला बाजारात कळलं तेव्हा तीन आठवडे गेले होते. ती आली ती मोटरसायकल फाटकाबाहेर ठेवून, चालत आत. थोरली ओसरीवर सुकट निवडत होती.

"ये मॅडम, बस. हिला स्टूल द्या रे, जमिनीवर बसायची सवय गेली असेल."

अपोंडी जमिनीवर बसली. "आई, चुकलं माझं."

"तुझं कसं चुकेल? तू तर शिकवायला येतेस."

"मन्यासीचा काढा देणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन येते. तुम्ही दोघी काढा प्या, दोष जाईल. खर्च माझा."

"काढा कडू असतो. तुझ्या पाहुण्यांना कसा पाजशील? त्यांनीही कुदळ मारली ना?" थोरली हसली. पहिल्यांदाच, आणि वाईट हसली. "पोरी, मी मरेन म्हणून बसलेय असं वाटतं तुला? चर्चमध्ये जाते मी दर रविवारी. चिऱ्याला भीत नाही."

"मग पेरत का नाही?"

थोरलीनं सुकटीतला खडा काढून अंगणात भिरकावला. "या घरात मला दुसरं काय आहे? नवरा तिच्याकडे जेवतो. माझी गाय तिच्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांना दिली. वर्षातून एक सकाळ माझी असायची. सगळे कुदळी धरून माझ्या मागे उभे राहायचे. तू ती कुणाच्या तरी फोटोसाठी दिलीस."

 अपोंडी माती टोकरत राहिली.

"उपटू का ते?" शेवटी तिनं विचारलं.

"मी काही म्हटलेलं नाही," थोरली म्हणाली, आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

धाकटीच्या शेतात रोपं गुडघ्याएवढी झाली होती. अपोंडी बांधावर उभी राहिली, मग वाकली.

"तू म्हणालीस पेर, पेरलं," मागून धाकटी म्हणाली. "आता उपटतेस. माझी पोरं काय खातील, पाटी?"

"थोरलीची सुद्धा पोरं आहेत. नातवंडं आहेत."

"हे तेव्हा माहीत नव्हतं तुला?"

अपोंडी उपटत राहिली.  मग धाकटीनंही कमरेचं कापड खोचलं आणि दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली, भराभर, दात आवळून. शेळ्यांना त्या दिवशी चंगळ झाली. शेवटी पाटी उरली. ती निघेना, सिमेंटमध्ये बसवली होती.

त्या रात्री म्झे थोरलीकडे झोपायला गेला. सकाळी तिनं आढ्यावरची कुदळ काढली. मागे धाकटी, मुलं, सुना. आम्ही बांधाबांधावर उभे राहून बघत होतो. थोरली ताठ चालत होती. तिनं पहिला घाव घातला तेव्हा माती कडकडून फुटली आणि आत ओल नव्हती.

तरी सगळ्यांनी पेरलं. क्रमानं.

एकच सर आली, मग पाऊस आला नाही. बोटभर वाढलेले कोंब पिवळे पडले, दोघींचेही, मुलांचेही. अपोंडी रोज येऊन बघत असे. शेवटी थोरलीच तिला म्हणाली, "आता येऊ नकोस गं. तुझ्याकडे बघवत नाही."

पाहुण्यांनी तिकडून निघायच्या आधी फोनवर विचारलं होतं, की ठरल्यापेक्षा एक आठवडा उशिरा आलो तर चालेल का. तोवर थोरली परतली असती, पण अपोंडीनं नको म्हटलं, कारण त्या आठवड्यात किसुमूला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं.