अंजिरी आणि डाळिंबी

"ही माझी लेक न्हवं," रंगुबाई म्हणाली आणि तिने फोटो टेबलावर पालथा घातला. "ही कुनीतरी रांडमुंड बाई हाय. कपाळ बघा तिचं."

फोटो रंगवणाऱ्या नाथाजीने तो पुन्हा उताणा केला. पूर्ण पानाएवढा, गुळगुळीत कागदाचा. कोयनेच्या काठावर एक तरुण बाई कमरेवर घागर घेऊन उभी होती. मागची झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी, वरचं आभाळ काळंकुट्ट. बाईचं लुगडं पांढरं होतं, हातातल्या बांगड्या असून नसल्यासारख्या, आणि कपाळ मोकळं.

"आक्का, लेक तुमचीच हाय," नाथाजी म्हणाला. "फिलीम येगळी हाय. माणसाच्या डोळ्याला दिसत न्हाई त्या उजेडावर ती चालते. तिच्यात हिरवं पान पांढरं येतं, रंगीत लुगडंबी पांढरं. तांबडं कुंकू कातडीत मिसळून जातं. कुंकू हुतं, फिलीमला दिसलं न्हाई एवढंच."

"नवरा जित्ता उभा हाय हितं. आन् माझी लेक रांडव करून ठिवली." तिने दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

दारात कृष्णात उभा होता. रंगुबाईचा जावई. तिशीच्या आतबाहेरचा, हातांच्या रेघांत ग्रीस मुरलेलं. कोयनानगरला तो पाण्याच्या पंपावर होता. डिसेंबरात भूकंप झाला तेव्हा पहाटेची पाळी करत होता, आणि घरी भिंत पडली ती विजयमालाच्या अंगावर. रंगुबाईला दहिवडीजवळच्या तिच्या गावात निरोप पोचला तिसऱ्या दिवशी. ती आली तेव्हा राख थंड झाली होती. त्या दिवसापासून ती जावयाशी बोलली नव्हती. कृष्णात आता सांगलीला नोकरीला होता.

फोटो काढला होता धरणावरच्या एका साहेबाने. त्याला असल्या फिलमी वापरायचा नाद होता. त्याच्या निगेटिव्ह भूकंपात गेल्या. हा एक फोटो त्याने आधीच पुण्याला घरी धाडला होता, म्हणून वाचला. चार ओळींच्या चिठ्ठीसोबत तो कृष्णातला टपालाने मिळाला. विजयमालाचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. लग्नातसुद्धा काढला नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वी कृष्णात फोटो घेऊन साताऱ्याला आला, तेव्हा नाथाजीला त्या फोटोकडे बघताच ब्रह्मदेशातली तीन वर्षं आठवली. लढाईत तो विमानातून काढलेले फोटो धुवायच्या खात्यात होता. शत्रू तोफांवर फांद्या तोडून टाकायचा. साध्या फोटोत जंगल दिसायचं. इन्फ्रारेडमध्ये मात्र जिवंत झाड पांढरं यायचं आणि तोडलेली फांदी काळपट. पुढे गावी येऊन त्याने वीस वर्षं लोकांचे फोटो रंगवले. नवरदेवांच्या गालांवर लाली चढवली, मेलेल्या म्हाताऱ्यांचे फेटे गुलाबी केले. पण असला फोटो त्याच्या टेबलावर पुन्हा आला नव्हता.

तो नाही म्हणणार होता. गेल्या दिवाळीपासून त्याचा उजवा हात कापत होता. कपभर चहा उचलताना कळायचं. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं, आणि बारीक काम तो काही ना काही कारण सांगून परत पाठवत होता. पण हा फोटो काय आहे हे साताऱ्यात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. कॉपी काढून बघितली, तर चेहरा पिठात बुडाल्यासारखा सपाट झाला. रंग चढवायचा तो मूळ फोटोवरच. कागदात मुरलेला रंग धुऊन पूर्ण निघत नाही.

"लुगडं कुठल्या रंगाचं हुतं?" त्याने तेव्हा कृष्णातला विचारलं होतं.

कृष्णातने फोटो उजेडाकडे वाकडा करून बघितला. मग म्हणाला, "ध्यानात न्हाई."

"मग ज्येच्या ध्यानात हाय त्येला घिऊन ये."

म्हणून कृष्णातने निरोप धाडला आणि रंगुबाई आली होती. पण वेगळ्या वाटेने, वेगळ्या गाडीने.

नाथाजीने फोटो ओल्या टीपकागदाखाली ठेवून नरम केला. वाट्यांत रंग कालवले. "मागचं आभाळ तसंच ऱ्हाईल," तो म्हणाला. "पांढऱ्यावर रंग चढतो. काळ्यावर चढत न्हाई."

"आभाळाचं काय करायचंय?" रंगुबाई म्हणाली. "लेकीचं बघा. एवढी गोरी ती कवा हुती?"

"कशी हुती?"

"माझ्यागत."

"हात करा पुढं."

तिने दंडापर्यंत बाही सारून हात टेबलावर ठेवला. उन्हाने रापलेल्या मनगटाकडे न बघता नाथाजीने कोपराच्या आतली, झाकलेली कातडी बघितली. तपकिरीत थेंबभर पिवळा घातला, मग तांबड्याचं बोट. कागदाच्या तुकड्यावर लावून तो तिच्या हाताशी धरला. तीन तुकडे फुकट गेले. चौथा हाताशी धरला तेव्हा तुकडा कुठे संपतो ते कळेना. कापसाचा बोळा पिळून त्याने गालावरून फिरवला, मानेवरून, हातांवरून. कापऱ्या हाताला बोळा चालतो. फोटोतल्या बाईत हळूहळू ऊब आली.

रंगुबाईचा श्वास मोठ्याने ऐकू आला.

"आता लुगडं," नाथाजी म्हणाला.

"हिरवं," ती लगेच म्हणाली. "दिवाळीला मी इरकल धाडलं हुतं. हिरवंगार. फोटू दिवाळीनंतरचाच हाय म्हनत्यात. त्येच नेसली आसंल. इचारा त्येंला."

नाथाजीने दाराकडे बघितलं. कृष्णातने जमिनीकडे बघत मान हलवली. "हिरवंच आसंल."

नाथाजीने हिरवा रंग कालवला. पांढऱ्या लुगड्यावर हिरवा सुरेख चढला असता. बोळा बुडवला आणि कडा नीट दिसाव्यात म्हणून डाव्या हाताने भिंग धरलं.

भिंगात लुगड्यावरून एक रेघ गेलेली दिसली. कमरेखालून तिरकी. घडीची असेल म्हणून त्याने जवळून बघितलं, तर घडी नव्हती. शिवण होती. जाड, हाताने घातलेली. दोन जुनी लुगडी फाडून त्यांचे धड राहिलेले भाग एकमेकांना जोडले होते. दंड घातलेलं लुगडं. नवं इरकल असं कशाला असेल?

बोळ्यातून हिरवा थेंब ठिबकून टेबलावर पडला. त्याने बोळा मागे घेतला.

तो गप्प राहू शकला असता. आई म्हणते हिरवं, नवरा म्हणतो हिरवं, शिवण हिरव्याखाली दबून गेली असती. पण त्याने ती बघितली होती.

"काय झालं?" रंगुबाईने विचारलं.

"आक्का, ह्या लुगड्याला दंड घातलाय."

बाहेर टांग्याचा घोडा खूर आपटत होता.

"म्हंजी?"

"म्हंजी हे नवं न्हाई."

रंगुबाई उभी राहिली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने जावयाकडे सरळ बघितलं. "मी धाडल्यालं लुगडं तिला मिळालं न्हाई?"

"मिळालं," कृष्णात म्हणाला.

"मग नेसू दिलं न्हाई तुमी? इकलं?"

"न्हाई, मामी."

"मग कुटं गेलं माझं लुगडं?"

कृष्णात आत येऊन भिंतीशी टेकला. नाथाजीला वाटलं, हा आता निघून जाईल आणि फोटो असाच अर्धा राहील.

"मी म्हनलं हुतं तिला, नेस की," तो शेवटी म्हणाला. "लय येळा म्हनलं. ती म्हनायची, संक्रातीला आईकडं जाताना घडी मोडीन. आईला दिसलं पायजे की. ट्रंकेत ठिवलं हुतं." तो थांबला. "ट्रंक चेपली नव्हती. तेवढंच धड निगालं घरातलं. शेजारच्या बायका म्हनल्या, सवाष्ण गेली, हिरवं पायजे. तवा... तवा घडी मोडली, मामी. त्येच नेसवलं."

रंगुबाई खाली बसली. बसली म्हणण्यापेक्षा खुर्चीने तिला धरलं.

"मला का सांगितलं न्हाई?"

"तुमी बोलत नव्हता."

मग रंगुबाईने पदराने तोंड पुसलं आणि नाथाजीकडे हात केला. "ते भिंग आना हिकडं."

तिला भिंग धरता येईना. नाथाजीने अंतर जुळवून दिलं. ती एक डोळा मिटून फोटोवर वाकली आणि शिवणीवरून बोट नेत राहिली, कागदाला न टेकवता.

"हे मी घातलंय," ती म्हणाली. "माझा टाका हाय. वरचं आर्धं तिचं, अंजिरी. खालचं माझं, डाळिंबी. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्साला मी जोडून दिलं." जरा थांबून म्हणाली, "तुमी तसंच करा. हिरवं नगं."

"दोनी रंग जवळजवळचे हायेत आक्का. लांबनं फरक कळायचा न्हाई."

"कळायचं त्येला कळंल."

नाथाजीने हिरव्याची वाटी रिकामी केली. अंजिरी आणि डाळिंबी जुळवायला त्याला तासभर लागला. रंगुबाई सांगत होती, "आजून पिकल्यालं. न्हाई, धुऊन इटलं हुतं ते. फिक्कं करा." एकदा कृष्णात मधेच म्हणाला, "काठ पिवळा हुता," आणि स्वतःच चकित झाल्यासारखा थांबला. रंगुबाईने मान डोलावली. काठ पिवळा झाला. बांगड्या हिरव्या झाल्या.

राहिलं कुंकू.

फोटोतलं कपाळ नखाएवढं होतं. कुंकू मोहरीएवढं लागणार. इथे बोळा चालणार नव्हता. नाथाजीने सर्वांत बारीक ब्रश उचलला, आणि त्याचं टोक हवेत थरथरलं. रंगुबाईने ते बघितलं. त्याने ब्रश खाली ठेवला, हात मांडीवर पुसला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

"आक्का, हात कापतोय माझा," तो म्हणाला. हे त्याने मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं. "चुकलो तर पुसता येनार न्हाई. दुसरा कारागीर पुण्यात हाय, त्येच्याकडं..."

"दुसरा नगं."

ती उठून त्याच्या बाजूला आली. दोन्ही हातांनी तिने त्याचं मनगट टेबलावर घट्ट दाबून धरलं, कांडताना उखळ हलू नये म्हणून धरावं तसं. "लावा आता."

नाथाजीने श्वास रोखला. फक्त बोटं हलवली. ब्रश टेकला, उचलला.

तांबडा ठिपका जिथे हवा तिथे बसला होता. किंचित डावीकडे कलता.

"आशीच लावायची," रंगुबाई म्हणाली. "कवा मधी लागलं न्हाई तिचं." तिने त्याचं मनगट सोडलं. तिथे तिच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते, ते हळूहळू भरून आले.

फोटो वाळायला दोन तास लागणार होते. नाथाजीने तो भिंतीशी तिरका उभा केला. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून छतावरचा पंखा बंद केला. एप्रिलची दुपार खोलीत दाटून आली.

रंगुबाई पायरीवर जाऊन बसली. कृष्णात चार हात लांब, भिंतीच्या सावलीत उभा होता. तिने पिशवीतून फडकं काढलं, त्यात भाकरी होती आणि लाल चटणी.

"जेवलायसा का?" तिने विचारलं.

कृष्णातने आधी मागे वळून बघितलं. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

"न्हाई, मामी."

तिने भाकरी मोडली.

पुढचं नाथाजीने ऐकलं नाही. आत घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. रंग केव्हाच सुकला होता, बोटाला लागत नव्हता. तरी त्याने पंखा लावला नाही, आणि त्यांना हाकही मारली नाही.