मोकळा सोडलेला डावा खांब

मी डावा खांब बोलतोय. फुटबॉलच्या गोलाचा, समुद्राकडच्या बाजूचा. बोलायची हौस नाही मला. पण गोनेरी केरवेला आता क्लबचं प्रशिक्षकपद सोडतोय, आणि त्याच्या निरोपाला प्रत्येकानं काहीतरी सांगायचं म्हणे. मैदानावर सफरचंदाची सायडर विकणाऱ्या सोआझिगबाईंनी माझ्या पाठीत थाप मारली. म्हणाल्या, "बोल की म्हाताऱ्या, त्याला तुझ्याइतकं जवळून पाहिलंय कुणी?" पाहिलंय. म्हणूनच नुसतं गोड बोलणार नाही.

मी लाकडाचा. आमच्या बंदरात बोटी बांधणाऱ्यांनी मला तासला. पुढे सगळीकडे लोखंडी नळ्या आल्या, पण इथल्या लोकांनी मला उपटला नाही. प्रेमानं नव्हे, चिकटपणानं.

गोनेरी मच्छीमाराचा पोरगा. लांब तंगड्या, तोंडात शब्द नाही. बचावाला उभा राहायचा. समोरच्यांना कॉर्नर मिळाला, की हा माझ्यापाशी यायचा आणि एक तळहात माझ्यावर ठेवायचा. नजर चेंडूवर, हात माझ्यावर. माणसाला पाठीला डोळे नसतात, म्हणून हात. गोल कुठं आहे ते त्याला माझ्यावरून कळायचं. त्या जागेचा माझा रंगच उडाला. किती चेंडू त्यानं रेषेवरून परत फिरवले! आणि मग नाचणं नाही, ओरडणं नाही. गुडघ्याचा चिखल पुसायचा आणि पुन्हा उभा. असला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा चेंडू अडवताना खांद्यानं माझ्यावर असा आदळला, की मी मुळातून मागे कललो. त्याला लोकांनी खांद्यावर घेऊन नेलं. मला मैदान राखणाऱ्या म्हाताऱ्या फान्शनं दोर लावून सरळ केलं, ते जरा जास्तच ओढून. तेव्हापासून मी तसूभर पुढे झुकलेला आहे.

खेळणं थांबल्यावर तो प्रशिक्षक झाला. पहिलं वर्ष वाईट गेलं. शेवटचा सामना हरलो तर क्लब खालच्या गटात आणि गोनेरी घरी, असं ठरलेलं. आदल्या सकाळी तो मलाच टेकून त्याचा जुना गोलरक्षक तांगी याच्याशी बोलत होता. म्हणाला, "उद्या कॉर्नरला खांबापाशी कुणी नको."

तांगी भडकला. "लेका, सगळी उमर तूच उभा राहिलास ना इथं?"

"राहिलो. खांब धरून उभा राहणारा माणूस वाया जातो, तांगी. एक माणूस पुढे असता, तर मला इतकं अडवावंच लागलं नसतं."

वाया. मला टेकून म्हणाला हे.

सामन्यात आम्ही एका गोलानं पुढे होतो. मध्यंतरानंतर आमचा गोल माझ्याकडे. शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. माझ्यापाशी कुणी नाही. लोकांच्या हातातल्या गॅलेट, सॉसेज गुंडाळलेल्या पोळ्या, हातातच राहिल्या. "खांब! खांब धरा!" सगळं बंदर ओरडलं. गोनेरी हाताची घडी घालून उभा, ओठ पांढरे.

चेंडू डोक्यावरून आला तो थेट त्याच्या जुन्या जागी. माझ्या उघड्या लाकडावर आपटला. सरळ खांब असता तर आत गेला असता. मी पुढे झुकलेला, चेंडू परत मैदानात उडाला. आणि पुढे मोकळ्या ठेवलेल्या आमच्या गड्यानं तो घेऊन पार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेला. शिटी वाजली. आम्ही वाचलो.

त्याची युक्ती खरीच होती, हे मी मान्य करतो. पुढे सगळे त्याच्याकडून ती शिकायला आले. शिकवायचाही छान, पोरांना कधी शिवी दिली नाही.

त्या संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर तो तांगीला घेऊन आला. तळहात बरोबर त्या जागी ठेवला. माझा कल हातानं चाचपला, बराच वेळ. "हा माझाच खांदा," तांगीला म्हणाला आणि हसला. मी वाट पाहत होतो. तो गेला.

आता त्याला क्लब दिवाणखान्यात लावायचं घड्याळ देणार आहे. द्या. त्याच्यासारखा माणूस या किनाऱ्याला पुन्हा मिळायचा नाही. पण निघण्यापूर्वी त्यानं एकदा इकडे यावं. त्या 'वाया' शब्दाची माफी अजून राहिलीय, आणि ती दुसऱ्या कुणी मागून चालणार नाही. गोनेरी केरवेलानंच मागायची.