बिनड्रायव्हरचा ताफा आणि निळा शर्ट

सायखेड्याच्या मळ्यातल्या रस्त्याकडेला त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोणी बांधावर, कोणी बाभळीवर. आणि समोरून तीन ट्रॅक्टर, ट्रॉल्यांसकट, एकामागे एक डुलत येत होते. तिन्हींच्या सीटवर माणूसच नव्हता!

"बघा, बघा! स्टेअरिंगला कोनाचा हात नाय!" शाळा समितीचे अध्यक्ष सहादूभाऊ ओरडले आणि चपला काढून त्यांनी हात जोडले.

मंचावर सारथी महाराज बसले होते. अंगात कफनी, कानात ब्लूटूथ. "भक्तहो, पुढच्या यंत्राच्या मनात आलं की मागच्याला कळतं! उपग्रहातून संकल्प उतरतो, तो थेट या सिद्ध चिपमध्ये! यंत्रांना तिसरा डोळा फुटलाय. आता ड्रायव्हर हवा कशाला?"

चिप म्हणजे रेडिएटरला लाल दोऱ्यानं बांधलेली तांब्याची चकती. शेजारी लिंबू-मिरचीही होती, उपग्रहाची रेंज गेली तर असावी म्हणून.

प्राथमिक शाळेच्या अनसूयाबाई मागे उभ्या राहून शेंगदाणे खात होत्या. फुकटची करमणूक कोणाला नको असते? एवढ्यात सहादूभाऊंनी माइक घेतला. "सोमवारपासून वस्त्यांवरची पोरं ह्याच ताफ्यात शाळेत येतील. मुझफ्फरची व्हॅन बंद!"

बाईंनी शेंगदाण्यांची पुडी मिटली. नदीकाठचा तो वळणाचा रस्ता, मध्येच येणाऱ्या शेळ्या, विंचूरच्या बाजाराला निघालेल्या कांद्याच्या गाड्या, आणि त्यात रिकाम्या सीटमागे आपली पोरं! त्यांना खरोखरच भीती वाटली.

व्हॅनवाला मुझफ्फर शेजारीच होता. तो म्हणाला, "बाई, माझं सोडा, मला दुसरं काम मिळंल. पन पोरं एकदम रस्त्यात पळत्यात. त्यांच्यासाठी ब्रेक कोन मारनार?"

आता बाई नीट पाहू लागल्या. फेरी संपली की हार घालायला प्रत्येक ट्रॅक्टरवर एकेक चेला चढे, शाल पसरून वाके, आणि ट्रॅक्टर थांबे. नव्या फेरीआधी पुन्हा तसंच. आरती, शाल, वाकणं, चेला खाली, ट्रॅक्टर चालू. रस्त्यात दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या होत्या, अगदी ताज्या कोरलेल्या. चाकं त्यातून बाहेर येतील कशी? बाई सटाण्याच्या कांदेवाल्याची लेक. त्यांना हसूच फुटलं.

त्या तरातरा पुढे गेल्या. "सहादूभाऊ, शेतात कांद्याच्या गोण्या भरताना तुमचा ट्रॅक्टर कोण चालवतं?"

"कोन कशाला पायजे? लो गिअर टाकायचा, हाताची रेस लावायची अन् खाली उतरायचं. चालतोय की आपला आपला, आपन मागनं गोण्या..."

बोलता बोलता सहादूभाऊ त्या शाल पसरणाऱ्या चेल्यांकडे वळून बघू लागले.

"माताजी!" महाराज गरजले. "श्रद्धेची परीक्षा घेऊ नये!"

"श्रद्धेची नाही हो, तिसऱ्या डोळ्याची घेतेय."

ताफा पुढच्या फेरीला निघाला होता. बाईंनी मुझफ्फरच्या मदतीनं बांधावरची कांद्याची एक गोणी ओढत नेऊन चाकोरीत ठेवली. व्हॅनमध्ये कोणा पोराचा विसरलेला शाळेचा निळा शर्ट होता, तो गोणीला चढवला. "हा आपला विद्यार्थी," त्या म्हणाल्या. "बघू या, महाराजांच्या यंत्राला दिसतो का."

पहिला ट्रॅक्टर आला. हळू झाला नाही, वळला नाही. पुढचं चाक गोणीवर चढलं, कांदे कडाकडा फुटले आणि निळा शर्ट चिखलात गेला.

बायका किंचाळल्या. सहादूभाऊ धावत सुटले, ट्रॅक्टरवर चढले आणि त्यांनी इंजिन बंद करायचा स्टॉपर ओढला. मागचे दोन मुझफ्फरनं बंद केले. सहादूभाऊंनी चाकाखालून शर्ट ओढून काढला. त्याचं शेवटचं बटण लाल होतं.

"हे... हे तर आमच्या मंडळीनं लावलंय," ते पुटपुटले. "आमच्या नातवाचा, विश्वेशचा शर्ट हाय हा."

बाईंना हे ठाऊक नव्हतं. फुटलेल्या कांद्यानं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, पण सहादूभाऊंचं पाणी कांद्याचं नव्हतं.

महाराज एव्हाना जीपमध्ये बसून पसार झाले. जीपला मात्र ड्रायव्हर होता.

"म्हंजी बाई, बिनड्रायव्हरची गाडी सगळी थापच का?" सहादूभाऊंनी विचारलं.

"नाही. शहाणी माणसं खरोखर खटपट करताहेत. कॅमेरे लावतात, पुन्हा पुन्हा चाचण्या घेतात, चुकलं तर चुकलं म्हणतात. उद्या तसा ताफा आपल्या रस्त्यावर येईलही. आला तर त्यालाही हाच प्रश्न विचारायचा, मध्येच पोरगं आलं तर काय? जो उत्तर करून दाखवेल त्याच्या गाडीत बसू. जो म्हणेल परीक्षा घेऊ नका, त्याच्या गाडीतून तिथल्या तिथे उतरायचं. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट कोणी शाल पांघरवून दाखवली, तर हात जोडायच्या आधी शाल उचलून बघायची."

सोमवारी नदीकाठच्या वळणावर एक शेळी आडवी आली. मुझफ्फरनं करकचून ब्रेक मारला आणि शेळीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढच्या सीटवर नातवाला मांडीवर घेऊन सहादूभाऊ बसले होते.

"शिव्या दे बाबा, खुशाल दे," ते म्हणाले. "पन ब्रेक असाच मारत जा."